‘परम’चा धडा रुग्णालयांनी केव्हा गिरवायचा?

१९८० च्या दशकात अमेरिकेने हवा तो क्रे महासंगणक भारताला नाकारला. उत्तरादाखल १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये ‘परम ८०००’ साकारला. त्याच संस्थेच्या मोहाली केंद्राने घडवलेल्या ‘ई-संजीवनी’ने २०२० च्या महामारीत रुग्णांना घरबसल्या वैद्यकीय सल्ला मिळवून दिला. मग विश्रांतवाडीतील संगणक अभियंत्यांनी येरवड्याच्या, खराडीच्या कचेऱ्यांत बसून केवळ परदेशी रुग्णालयांसाठीच आज्ञावली लिहाव्यात काय? परकी प्रणाली विकत मिळते. पण ती अडली, परवाना संपला, की ग्रामीण रुग्णालयाने कोणाचे दार ठोठवायचे? परिचारिकेची अडचण तिच्याच भाषेत समजून घेणारा आज्ञावलीकार येथील महाविद्यालयांतच घडला पाहिजे. यंत्र आयात करता येते, कौशल्य नव्हे!