पार्किन्सन यांना चुकीच्या बाजूने उभे करू नका

‘नऊ बायका मिळून एका महिन्यात मूल होत नाही.’ प्रोजेक्ट रखडला आणि वरून ‘आणखी पाच जण घ्या’ असा निरोप आला, की पुण्याच्या हिंजवडीतल्या आयटी कंपनीत कुणीतरी हे म्हणतोच. व्यवस्थापकांना ते खुपते. त्यांच्या मते ही कामचुकारांची ढाल आहे; एस्टिमेटमधला बफर छाटला नाही तर काम रेंगाळणारच. साक्षीला ते पार्किन्सनचा नियम काढतात : जितका वेळ द्याल तितके काम फुगते.

ही साक्ष त्यांच्यावरच उलटते. सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांचा लेख 1955 साली ‘इकॉनॉमिस्ट’मध्ये आला, तोही विनोदी ढंगाचा. त्यातला दाखला ब्रिटिश नौदलाचा. 1914 ते 1928 या काळात सेवेतल्या मोठ्या युद्धनौका 62 वरून 20 वर आल्या, नौसैनिकही घटले. मुख्यालयातले अधिकारी मात्र 2000 चे 3569 झाले. फुगला होता तो कारभार. तो नियम कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यावर मारणे हा अन्याय आहे.

उलट मूल व्हायला लागणाऱ्या नऊ महिन्यांचा दाखला गाजवला तो एका व्यवस्थापकानेच. आयबीएमच्या ओएस/360 चे काम सांभाळलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 च्या ‘द मिथिकल मॅन-मंथ’मध्ये तो दिला. त्यामागे साधे गणित आहे. पाच जणांत आपापसांतले दुवे 10. दहा जणांत 45. शिवाय नवा माणूस आला की आधी त्याचे अ‍ॅक्सेस अडकतात, मग त्याला केटी, म्हणजे कामाची माहिती, द्यावी लागते, आणि ती देतो तोच, ज्याच्यावाचून मुख्य मॉड्यूल पुढे सरकत नाही.

वाटून होणारी कामे असतात, हे मान्यच. ठरलेल्या टेस्ट केसेस चालवायला माणसे जरूर वाढवा. पण सगळे काम तसे धरून एस्टिमेटच्या शीटमधल्या 14 महिन्यांचे 9 केले जातात. ते कुणी केले, याची नोंदही राहत नाही. सरळ ‘जमणार नाही’ म्हटले तर अप्रेजलला भोवते, म्हणून माणसे विनोदात बोलतात.

तेव्हा आकडा बदलणाऱ्याने शेजारी आपले नाव आणि कारण लिहावे. तारीख हलत नसेल तर क्लायंटबरोबर बसून फीचर्स कमी करावीत. आणि आढावा बैठकीत कुणी तो विनोद केलाच, तर नेमके कोणते काम वाटून होत नाही, हे त्याला तिथल्या तिथे विचारावे.