पॅकेज आणि पाय

प्लेसमेंट सुरू झाली की हॉस्टेलवर एकच प्रश्न, "पॅकेज किती?" मला मात्र कार्लोस कोरेया आठवतो. बेसबॉलमधला शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा. डिसेंबर २०२२ मध्ये तो फ्री एजंट होता, कुठल्याही क्लबकडे जायला मोकळा. सॅन फ्रान्सिस्कोने १३ वर्षांचे ३५ कोटी डॉलर कबूल केले. पत्रकार परिषद ठरली आणि त्याच दिवशी रद्द! २०१४ साली उजव्या पायाचं ऑपरेशन झालेलं, मेडिकलमध्ये ते खटकलं. मग न्यूयॉर्क मेट्स : १२ वर्षे, ३१.५ कोटी. तिथेही तोच पाय आडवा आला. शेवटी जानेवारी २०२३ मध्ये गडी परत मिनेसोटाकडेच. ६ वर्षे, २० कोटी.

लोक म्हणाले, बिचारा बुडाला. मला नाही पटत. पायाचे रिपोर्ट तिघांकडेही होते, पण २०२२ चा सीझन तो खेळला होता मिनेसोटाकडून. त्यांना नुसता रिपोर्ट नाही, माणूस माहीत होता. (जुलै २०२५ मध्ये त्यांनीच त्याला त्याच्या जुन्या ह्यूस्टन क्लबकडे धाडलं, ते सोडा.)

मी तर इंटर्नशिप केली त्याच छोट्या कंपनीला 'हो' कळवलंय. रूम पार्टनर अजून बोलत नाही माझ्याशी.