पारा रोज कळतो. वणव्याचा धोका कधी कळणार?

उन्हाळा लागला की जळगाव, भुसावळ आणि धुळ्याचा पारा रोज वर्तमानपत्रात छापून येतो. तो वाचून माणसे उपरणे बांधतात, दुपारची कामे सकाळी उरकतात. पण यावल, रावेर, चोपडा किंवा शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बांध पेटवणाऱ्या शेतकऱ्याला ‘आज काडी ओढावी की नाही’ हे कोणी सांगत नाही. पारा त्यासाठी पुरेसा नाही.

वणव्याचा धोका चार गोष्टींवरून ठरतो : तापमान, हवेतला दमटपणा, वारा आणि मागच्या दिवसांतला पाऊस. सकाळी दवाने ओलसर असलेले गवत दुपारी दोनला भुरूभुरू पेटते. त्यात चढ असेल तर ज्वाळा वरच्या बाजूचा पाचोळा आधीच तापवतात आणि आग डोंगरावर धावत सुटते. सातपुड्यात कोरड्या दिवसांत सागाची पानगळ होते. बांधावरची ठिणगी त्या पाचोळ्यात पडली, तर उभी झाडे कदाचित वाचतात. रोपे आणि जमिनीवरची पक्ष्यांची घरटी मात्र वाचत नाहीत.

यंत्रणा आहे. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या मदतीने वणव्यांच्या सूचना देते. तिने जंगलांची ‘कमी’ ते ‘अत्यंत’ आगप्रवण अशी पाच गटांत विभागणीही केली आहे. पण इथे दोन गोष्टींची गल्लत होते. आगप्रवणता म्हणजे त्या भागाचा पूर्वेतिहास; आजचा धोका आजच्या हवेवर ठरतो. आणि उपग्रहाला आग दिसते ती लागल्यानंतर.

धोक्याची पातळी लोकांना कळली, तरी ती ऐकून काय करायचे हे कळले नाही तर उपयोग नाही. ऑस्ट्रेलियाने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या पातळ्या कमी करून चार केल्या आणि प्रत्येकीला एक कृती जोडली. सर्वांत वरच्या पातळीचा अर्थ एकच : जीव वाचवायचा तर निघून जा.

खान्देशात ‘जाळू नका’ एवढे सांगून भागणार नाही, कारण जाळण्यामागे कारणे आहेत. पऱ्हाटी शेतात उभी राहिली तर गुलाबी बोंडअळीला आसरा मिळतो. मोहाची फुले वेचायला खालचा पाचोळा नको असतो. म्हणून पर्याय हाताशी हवा : पऱ्हाटीचा भुगा करणारे यंत्र गावात वेळेवर आणि परवडणाऱ्या भाड्याने मिळाले, तर तोच भुगा खत होतो. मोहाखालचा पाचोळा झाडून बाजूला करता येतो.

जाळणे अगदीच टळत नसेल, तर बांध पेटवू नये. शेताच्या मध्यभागी लहान ढीग करावेत, भोवतीचे गवत माती दिसेपर्यंत काढावे, ठिबकच्या नळ्या आधी गुंडाळाव्यात. पाणी आणि दुसरा माणूस जवळ हवा. राख हाताला गार लागेपर्यंत जागा सोडू नये. वारा असेल तर काडीच ओढू नये. पहाटे वारा पडलेला असतो खरा, पण धूरही जमिनीलगत साचतो आणि दम्याच्या रुग्णाला तो सोसत नाही. त्यामुळे वस्तीजवळ जाळणे कोणत्याही वेळी वाईटच. राखीव जंगलात आग लावणे १९२७ च्या भारतीय वन कायद्यानुसार गुन्हा आहे. वणवा दिसताच वन विभागाला १९२६ या क्रमांकावर कळवावे.

हे सारे शेतकऱ्याच्या एकट्याच्या शहाणपणावर सोडणे मात्र अन्याय आहे. फेब्रुवारी ते जून जंगलालगतच्या प्रत्येक ग्रामपंचायतीत रंगीत फलक लागावा, वन आणि कृषी विभागाने तो रोज बदलावा. हिरवा : काळजी घेऊन जाळा. पिवळा : थांबा. लाल : चूलसुद्धा उघड्यावर नको. हवामानाची माहिती आहेच. ती बांधापर्यंत पोहोचवायला एक फळा आणि एक जबाबदार माणूस लागतो.