संसारांतील यंत्रें : किल्लीच्या पोटांतील किल्ली

या महिन्यांत लिहावयाचा विषय मोटारीच्या दूरनियंत्रक किल्लीचा, म्हणजे ज्याला सर्वत्र 'रिमोट' म्हणतात त्याचा आहे. तो निवडण्यास आमच्याच घरांतील एक प्रसंग कारण झाला. त्यांत दोष आमचा असल्यानें सांगण्यास संकोच वाटतो. परंतु ज्या चुकीपासून दुसऱ्याचें घर सावध होईल, ती झांकून ठेवण्यांत काय अर्थ?

गेल्या वैशाखांत पुतण्याच्या मुलाची मुंज अहिल्यानगरास होती. (शहराचें नांव २०२४ मध्यें बदललें; आमच्या घरांतील वडील मंडळी अद्याप 'नगर' असेंच म्हणतात.) पुण्याहून दोन मोटारींतून आम्ही निघालों. शिरूर मागें टाकून, घोड नदी ओलांडून पारनेर तालुक्यांतील सुपें येथें पोहोंचलों, तों दुपारचे बारा वाजून गेले होते. औद्योगिक वसाहत झाल्यापासून या गांवीं रस्त्यालगत उपाहारगृहें पुष्कळ झालीं आहेत. त्यांपैकीं एकापुढें दोन्ही मोटारी उभ्या केल्या. मंडळी उतरली, कोणी तोंड धुण्यास गेलें, कोणी चहा सांगितला. सर्वांच्या शेवटीं मी उतरलों, खिशांतील रिमोटचें बटण दाबलें, दिवे लुकलुकले, कुलूप लागलें.

चहाचा पेला तोंडाला लावतों न लावतों तोंच धाकट्या सूनबाई आल्या व म्हणाल्या, ''मामंजी, बाळ कोठें आहे ?''

''तुमच्याजवळ नाहीं ?''

''मला वाटलें, सासूबाईंनीं घेतला.''

आमच्या कुटुंबास वाटलें होतें, तो पुतण्याच्या मोटारींत गेला. आणि मला तर कांहींच वाटलें नव्हतें. दोन वर्षांचा तो पोर मागच्या बैठकीवर आपल्या खुर्चींत पट्ट्यानें बांधलेला, गाढ झोंपला होता. धांवत जाऊन मीं बटण दाबलें. एकदां, दोनदां, दहादां दाबलें. दिवा नाहीं, आवाज नाहीं. कांचा सर्व बंद, ऊन डोक्यावर. बाळाच्या कपाळावर घाम दिसूं लागला. पुतण्यानें रस्त्याकडेचा दगड उचलला, तेव्हां शेजारच्या बांकावर बसलेला, कारखान्याचा गणवेष घातलेला एक तरुण उठून आला. ''आजोबा, किल्ली जरा बघूं द्या,'' असें म्हणून त्यानें रिमोटच्या कडेची बारीक कळ सरकवली आणि त्याच्या पोटांतून एक लोखंडी किल्ली ओढून काढली ! चालकाच्या दाराच्या मुठीवरील टोपण काढलें, आंत किल्लीचें छिद्र होतें. दार उघडतांच मोटारीचा भोंगा किंचाळूं लागला, बाळ जागा होऊन रडूं लागला. आणि तें रडणें ऐकून आम्हां सर्वांच्या जिवांत जीव आला.

सारा प्रकार पांचसहा मिनिटांचा. तीन वर्षें ती मोटार आमच्या घरीं आहे. तिच्या किल्लीच्या पोटांत दुसरी किल्ली आहे हें सात मोठ्या माणसांपैकीं एकालाही ठाऊक नव्हतें. त्याहून लाजेची गोष्ट म्हणजे, 'किल्लीचा सेल संपत आला आहे' अशी सूचना मोटारीच्या फलकावर पंधरा दिवस दिसत होती. मीं ती पाहिली, मुलानें पाहिली, पुतण्यानें पाहिली. प्रत्येकास वाटलें, दुसरा कोणी पाहील. बाळाविषयीं जें घडलें, तेंच सेलविषयींही घडलें होतें.

असो. आतां यंत्राकडे वळूं.

बटणानें दूरून दार उघडण्याची सोय १९८२ मध्यें फ्रान्समधील रेनो कारखान्याच्या 'फ्युएगो' या मोटारींत प्रथम आली. तिचा संदेश डोळ्यांस न दिसणाऱ्या अवरक्त किरणांनीं जाई. हल्लींचे रिमोट रेडिओलहरींनीं बोलतात. आपल्याकडे व युरोपांत बहुधा सेकंदास सुमारें ४३ कोटी कंपनांच्या, तर अमेरिकेंत व जपानांत बहुधा साडेएकतीस कोटी कंपनांच्या. बटण दाबलें कीं किल्ली एक सांकेतिक आंकडा उच्चारते आणि मोटार तो पडताळून पाहते. हा आंकडा प्रत्येक वेळीं बदलतो. म्हणून चोरानें एकदां ऐकलेला आंकडा पुन्हां म्हटला तरी दार उघडत नाहीं. खिशांतील किल्ली बाहेर न काढतां जी मोटार उघडते, तींत मोटारच प्रथम मंद लहरींनीं 'कोण आहे ?' असें विचारते आणि किल्ली उत्तर देते. हीं सर्व कामें एका नाण्याएवढ्या सेलच्या जोरावर चालतात.

रिमोट चालेनासा झाला म्हणजे घाबरून बटण बडवीत बसूं नये. पुढील क्रमानें पाहावें.

पहिलें, दुसरी किल्ली घ्यावी. मोटारीबरोबर बहुधा दोन मिळतात. एक कपाटांत पडून असते. दुसरीनें दार उघडलें तर दोष पहिल्या किल्लींत आहे. दोहोंनींही उघडलें नाहीं तर संशय मोटारीवर घ्यावा. अशा वेळीं लोखंडी किल्लीनें दार उघडून आंतला दिवा लागतो कीं नाहीं हें पाहावें. दिवा मुळींच न लागला किंवा मंद लागला, तर मोटारीची मोठी बॅटरी उतरली आहे असें समजावें. ती निर्जीव असतां रिमोट कितीही नवा असो, ऐकणारेंच कोणी नसतें. २०२० च्या टाळेबंदींत आठवडेच्या आठवडे उभ्या राहिलेल्या मोटारींच्या मालकांना याचा अनुभव पुष्कळ आला.

दुसरें, जागा बदलून पाहावी. प्रक्षेपणाचे मनोरे किंवा मोठीं वीजयंत्रें जवळ असलीं, अथवा किल्ली मोबाइलला चिकटून असली, तर संदेशास अडथळा येतो. किल्ली वेगळी धरून मोटारीच्या अगदीं जवळ जावें. दूरून न चालणारा रिमोट जवळून चालला, तर बहुधा सेल अशक्त झालेला असतो. एखादें दार अर्धवट लागलें आहे काय, हेंही पाहावें. कित्येक मोटारी अशा वेळीं कुलूप लावण्याचें नाकारतात.

तिसरें, सेल बदलावा. बहुतेक दोष येथेंच मिटतात. सेलवर 'सी आर २०३२' अशासारखीं अक्षरें असतात, त्यांचा अर्थ सोपा आहे : २० म्हणजे व्यास वीस मिलिमीटर, ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. 'सी आर २०२५' हा व्यासानें तेवढाच, पण जाडीनें २.५ मिलिमीटर, तो सैल बसतो व संपर्क तुटतो. म्हणून जुन्यावरील अक्षरें वाचून तोच नवा आणावा. दोन्हींचा विद्युद्दाब तीन व्होल्टच असतो. रिमोटच्या खांचेंत पातळ टोंक घालून कवच हलक्या हातानें उकलावें, धनचिन्हाची बाजू कोणीकडे होती हें ध्यानांत ठेवावें, स्पर्शपट्ट्या कोरड्या फडक्यानें पुसाव्या आणि सेल कडेनें धरून बसवावा. किल्ली पाण्यांत पडली असल्यास प्रथम सेल काढावा, मग ती सावलींत पूर्ण वाळूं द्यावी.

चौथें, नवा सेल घालूनही दार उघडेना, तर किल्ली व मोटार यांचा आंकड्यांचा ताळमेळ सुटला असेल. घरांतील मूल दूरच्या खोलींत किल्लीशीं खेळत शेंकडों वेळां बटण दाबतें, तेव्हां किल्ली पुढें जाते व मोटार मागें राहते. कांहीं पद्धतींत मोटारीजवळ उभें राहून लागोपाठ दोनदां बटण दाबल्यानें हा मेळ पुन्हां जमतो. इतरांत मोटारीबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेली रीत करावी लागते. तिनेंही भागलें नाहीं, तरच दुरुस्तीगृहाची पायरी चढावी.

यंत्र चालू करण्याविषयीं एक गोष्ट बहुतेकांस ठाऊक नसते. ओळख पटविणारी एक बारीक चकती किल्लींत असते, तिला सेल लागत नाहीं; मोटारीच्याच लहरींवर ती जागी होते. म्हणून सेल संपला असतांही किल्ली सुरुवातीच्या बटणाला टेंकवून धरावी, किंवा पुस्तिकेंत सांगितलेल्या खोबणींत ठेवावी, म्हणजे यंत्र सुरू होतें. सुप्याहून पुढें आम्ही असेच गेलों. भोंगाही तेव्हांच गप्प झाला.

आतां दोन इशारे. ते वरील सर्व माहितीहून महत्त्वाचे आहेत.

काढलेला सेल मेजावर ठेवूं नये. तो निकामी दिसला तरी त्यांत जोर उरलेला असतो. लहान मुलानें तो गिळला व अन्ननलिकेंत अडकला, तर दोन तासांच्या आंत भाजल्यासारखी गंभीर जखम होऊं शकते. तसा नुसता संशय आला तरी ओकारी काढण्याचा प्रयत्न न करतां मुलाला तत्काळ रुग्णालयांत न्यावें. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनीं चिकटपट्टी लावून तो मुलांच्या हातीं लागणार नाहीं असा ठेवावा.

दुसरा इशारा बंद मोटारीचा. २००५ मध्यें अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं, उन्हांत उभ्या केलेल्या मोटारीच्या आंतील उष्णता तासाभरांत सरासरी २२ अंश सेल्सियसनें चढते, आणि त्या वाढीचे पांचांपैकीं चार हिस्से पहिल्या अर्ध्या तासांतच होतात. कांचा बोटभर उघड्या ठेवल्यानेंही फारसा फरक पडला नाहीं. वैशाखांतल्या सुप्याचा हिशेब वाचकांनींच करावा. मूल आंत अडकलें आणि दार लगेच उघडत नसेल, तर मुलापासून सर्वांत दूरची कांच फोडण्यास क्षणाचाही विलंब लावूं नये. कांच पुन्हां बसवितां येते.

मुंजीहून परतल्यावर पहिल्याच रविवारीं घरांतील सर्वांस अंगणांत बोलावलें. प्रत्येकानें लोखंडी किल्ली काढावयाची, टोपण उघडावयाचें व दार उघडून दाखवावयाचें, असा नियम केला. मोटार न चालविणाऱ्यांनाही त्यांतून सूट नव्हती. आमच्या ब्याऐंशी वर्षांच्या मातोश्रींनीं तें काम सर्वांआधीं केलें आणि म्हणाल्या, ''वाड्याच्या दिंडीदरवाजाची किल्ली कोनाड्यांत असे, तें घरांतल्या पोरालासुद्धां ठाऊक असायचें. तुमची किल्ली खिशांत असून तुम्हांला ठाऊक नव्हती !''

यावर उत्तर देणें आम्हांस जमलें नाहीं. सेल बदलण्याचें काम आतां एका ठराविक माणसाकडे दिलें असून दिनदर्शिकेवर दर चैत्राच्या पानावर तशी खूण केली आहे. आणि कोठेंही थांबलों तरी कुलूप लावण्यापूर्वीं मुलांचीं डोकीं मोठ्यानें मोजण्याचें काम मीं स्वतःकडे घेतलें आहे. वाचकांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आपल्या मोटारीची किल्ली हातांत घ्यावी आणि ती कळ कोठें आहे, तेवढें शोधून पाहावें.