दुर्बिणीची शस्त्रक्रिया कोणासाठी?

१९८० साली जर्मनीतील कील येथे कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने पोटावर लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने आंत्रपुच्छ काढले. तेव्हा शल्यचिकित्सकांच्या संघटनेच्या अध्यक्षांनी त्यांना निलंबित करण्याची सूचना केली. प्रस्थापितांची ही रीत जुनीच आहे.

आज लहान मुलांवरही ही शस्त्रक्रिया होते. तिला श्रीमंतांचे चोचले म्हणून हिणवणारे समाजवादी चळवळीतही आहेत. त्यांचे म्हणणे पटण्याजोगे नाही. जखम लहान, तिच्यात पू होण्याचा धोका कमी, मूल लवकर हिंडूफिरू लागते. खाटेशेजारी बसून रोजंदारी बुडवणाऱ्या आईला याचे मोल धनिकांहून अधिक. शिवाय ही विद्या या देशात पंचतारांकित इमारतींतून आलेली नाही. डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी १९७२ पासून ती मुंबईच्या सरकारी जे. जे. रुग्णालयात रुजवली. सार्वजनिक रुग्णालयात वाढलेले तंत्र खाजगी बिलाच्या आकड्यात अडकावे, हा खरा आक्षेप.

मात्र क्रम विसरता कामा नये. लहानग्यांना दुखणे नेमके सांगता येत नाही. ओवा आणि शेक यांत दिवस जातात आणि आंत्रपुच्छ फुटते. तालुक्याच्या रुग्णालयात शल्यचिकित्सक व भूलतज्ज्ञ यांची पदे रिकामी असतील, तर तेथे आणलेली दुर्बीण कपाटात धूळ खाईल. भूलतज्ज्ञ तर जुन्या पद्धतीलाही हवाच. म्हणून मोर्चाच्या निवेदनात पहिले कलम भरतीचे असावे, दुसरे रात्रीच्या रुग्णवाहिकेचे आणि तिसरे दुर्बिणीचे; पण तिसरे गाळू नये.