पार्लर कात्रीसाठी, बाटलीसाठी नव्हे

लग्नसराई जवळ आली की केस सरळ करून घेण्याची लगबग आता पुण्या-मुंबईपुरती राहिलेली नाही. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात साखर कारखान्याभोवती वसलेल्या अंकुशनगरसारख्या गावातल्या मुलींनाही स्ट्रेटनिंग, स्मूदनिंग, केराटिन, नॅनोप्लास्टिया हे शब्द परके वाटत नाहीत. लग्नाच्या फोटोत केस रेशमासारखे दिसतात. खरी अडचण त्यानंतर सहा-आठ महिन्यांनी सुरू होते. मुळाशी मूळचे कुरळे केस उगवून येतात, खालचे मात्र काडीसारखे सरळ आणि कोरडे राहतात. विंचरताना मधेच तुटतात. पुन्हा केमिकल नको, आपले मूळचे केसच बरे, असे ठरवले तरी प्रश्न उरतो: हा मधला काळ निभावण्यासाठी पार्लरमध्ये जावे की नाही?

घरच्यांचे उत्तर ठरलेले असते: ‘तिथेच केसांची वाट लागली, आता पुन्हा पायरी चढू नको.’ अनेक पार्लरचे उत्तरही ठरलेले: ‘वरचे वाढलेले तेवढे टच-अप करून घ्या, सगळे एकसारखे दिसतील.’ ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पार्लरमध्ये जरूर जावे, पण कात्रीसाठी. बाटलीतल्या कोणत्याही ‘ट्रीटमेंट’साठी नव्हे.

यामागचे कारण केसाच्या रचनेत आहे. केस केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याला आकार देण्यात गंधकाच्या बंधांचा मोठा वाटा असतो. स्ट्रेटनिंगच्या क्रीममधील थायोग्लायकोलेटसारखे रसायन हे बंध तोडते. मग केस तापत्या इस्त्रीने ताणून सरळ केला जातो आणि दुसरे रसायन लावून बंध त्या नव्या आकारात पुन्हा जोडले जातात. सगळे बंध पूर्वीसारखे जुळत नाहीत, त्यामुळे केस कमकुवत होतो. त्वचेबाहेर आलेला केस ही मृत वस्तू आहे. तिला जखम भरून काढता येत नाही. म्हणून सिरम, मास्क किंवा ‘रिपेअर स्पा’ केसावर गुळगुळीत थर देतो, गुंता कमी करतो, पण तुटलेली रचना पूर्ववत करत नाही. मुळाचे मात्र काही बिघडलेले नसते. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा केसाचा पीळ त्वचेखालच्या मुळात शाबूत असतो आणि नवा केस तोच पीळ घेऊन बाहेर येतो.

नवा आणि जुना केस जिथे भेटतात, ती जागा सगळ्यात नाजूक. वरचा भाग पीळदार, खालचा ताठ. विंचरताना ताण नेमका तिथे येतो आणि केस तुटतो. केस ‘वाढतच नाहीत’ अशी तक्रार अशा वेळी होते, पण ते वाढत असतात आणि त्याच वेगाने तुटतही असतात. इथे कात्रीचे महत्त्व कळते.

थोडा हिशेब करून पाहावा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे वर्षाला बारा. समजा ४० सेंटिमीटर लांबीचे केस केमिकल केलेले आहेत. दर दोन महिन्यांनी दोन सेंटिमीटर कापले, तर एकूण लांबी जवळपास तेवढीच राहते आणि सुमारे साडेतीन वर्षांत केमिकलचा भाग निघून जातो. दर वेळी चार सेंटिमीटर कापले, तर हेच काम वीस महिन्यांत होते, मात्र केस निम्मे आखूड होतात. ज्यांना वाट पाहायची नाही, त्या एकदाच सगळे कापून मोकळ्या होतात. अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांनी हे दोन्ही मार्ग मोठ्या संख्येने चोखाळले आहेत. यातला कोणता मार्ग निवडायचा, हे ज्या बाईचे केस तिने ठरवावे. पण दोन पोतांचे केस नीट कापणे घरच्या बोथट कात्रीचे काम नाही. बोथट धारेने टोके चिरडतात आणि फाटे वर सरकतात. धारदार कात्री आणि सरावाचा हात पार्लरमध्ये मिळतो. साध्या ट्रिमिंगचा खर्च ट्रीटमेंटच्या मानाने फारच कमी असतो.

बाटलीचा धोका मात्र केसांपुरता राहत नाही. केस सरळ करण्याच्या अनेक उत्पादनांत फॉर्मल्डिहाइड असे किंवा गरम केल्यावर ते बाहेर पडे. या वायूला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. त्यानंतर ‘फॉर्मल्डिहाइड-मुक्त’ अशा लेबलची उत्पादने आली. त्यातल्या अनेकांत ग्लायऑक्झिलिक आम्ल असते. २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने फ्रान्समधील डॉक्टरांची एक नोंद छापली. पूर्वी निरोगी असलेल्या २६ वर्षांच्या तरुणीने २०२०, २०२१ आणि २०२२ मध्ये केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला तीव्र इजा झाली. वापरलेल्या क्रीममध्ये हेच आम्ल होते. ते त्वचेतून शरीरात शिरते, त्याचे ऑक्सॅलेट बनते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडाच्या नलिकांत अडकतात, असे उंदरांवरील प्रयोगातून दिसले. इस्रायलमधूनही २०१९ ते २०२२ या काळातील अशा २६ रुग्णांची नोंद झाली आहे.

प्रत्येकीला असे होईल असे नाही. लाखो स्त्रिया केस सरळ करतात आणि त्यांतल्या बहुतेकींना मूत्रपिंडाचा त्रास होत नाही. पण ज्या केसांना आता केमिकल नकोच असे ठरले आहे, त्यांच्या मुळाशी ‘टच-अप’च्या नावाने तेच रसायन पुन्हा लावून घेण्यात फायदा कोणता? टच-अपमध्ये रसायन डोक्याच्या त्वचेच्या अगदी जवळ येते, आणि जो केस निरोगी उगवला तोच पुन्हा जायबंदी होतो. सुटकेची तारीख तेवढी पुढे जाते.

यात पार्लरवालीला खलनायिका ठरवण्याचे कारण नाही. लहान गावात हे काम करणारी बाई बहुधा थोडक्या प्रशिक्षणावर, घराच्या पुढच्या खोलीत स्वतःच्या पायावर उभी असते. बाटलीवरचे नाव पाहून ती माल घेते. बंद खोलीत ती वाफ दिवसभर तिच्याच छातीत जाते, त्यामुळे धोका गिऱ्हाइकापेक्षा तिला अधिक. ब्यूटी पार्लरच्या अभ्यासक्रमांत कोणते रसायन कसे वापरावे याबरोबरच कधी नाही म्हणावे, हेही शिकवले पाहिजे. चांगली पार्लरवाली ओळखण्याची खूण सोपी आहे. ती लेबल दाखवते, केस टोकांकडून वर सोडवत जाते, इस्त्री बाजूला ठेवते आणि म्हणते, ‘आज फक्त टोके कापू.’

बाकीचे काम घरातच होते. मुंबईतील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेल केसातील प्रथिनांची झीज कमी करते असे दिसले. हा अभ्यास तेल बनवणाऱ्या कंपनीच्याच प्रयोगशाळेतला होता, हे ध्यानात ठेवावे. तरी न्हाण्याआधी थोडे खोबरेल लावणे स्वस्त आणि निर्धोक आहे. न्हाल्यावर कंडिशनर, मोठ्या दातांचा कंगवा आणि सैल वेणी एवढे पुरते. वेणीत दोन्ही पोत झाकले जातात आणि गुंताही होत नाही. घट्ट अंबाडा किंवा ताणून बांधलेली पोनी मात्र नको, सततच्या ओढीने कपाळाजवळचे केस कायमचे विरळ होऊ शकतात.

शेवटी, केव्हा पार्लर नव्हे तर दवाखाना गाठायचा? केस मधून तुटत असतील तर दोष केमिकलचा असण्याची शक्यता अधिक. मुळासकट, टोकाला पांढरी गाठ घेऊन झुपक्याने गळत असतील, तर कारण शरीरात शोधावे लागते: रक्तक्षय, थायरॉइड, बाळंतपण, मोठा ताप. महाराष्ट्रात निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला शेगाव तालुक्यातील गावांत लोकांना अचानक टक्कल पडू लागले, तेव्हा आधी पाण्यावर संशय गेला. पुढे रुग्णांच्या रक्तात सेलेनियम वाढलेले आढळले. अंदाजाने उपचार केले तर मूळ कारण निसटते, हा त्यातला धडा. डोक्यावर जखमा, पू किंवा खपल्या असतील तर जालन्याचे जिल्हा रुग्णालय किंवा संभाजीनगरच्या घाटीचा त्वचारोग विभाग गाठावा. आणि केस सरळ केल्यानंतर काही तासांत किंवा दिवसांत उलट्या, पाठदुखी सुरू झाली, लघवी कमी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन पार्लरची गोष्ट आधी सांगावी. क्रिएटिनिनची साधी रक्त तपासणी मूत्रपिंडाचा धोका वेळेत दाखवते. ही माहिती दडवली, तर डॉक्टरही पोटाच्या आजारातच कारण शोधत बसतात.

केस परत येतातच, फक्त त्यांना वेळ लागतो. त्या काळात ‘हे काय केस झालेत तुझे’ असे चार जण म्हणतील, आणि टच-अपचा मोह बहुतेक वेळा त्या चार जणांमुळेच होतो. घरच्यांनी एवढे एक बोलणे आवरले, तर बाटलीची निम्मी गरज तिथेच संपेल.