पीएचडी: काटा सरकारचा, उतारा कुणाचा?

डिसेंबर २०२३. नागपूरचं हिवाळी अधिवेशन. सारथीच्या फेलोशिपची संख्या का घटवली, असा प्रश्न विधान परिषदेत आला आणि तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार बोलून गेले की ही मुलं पीएचडी करून काय दिवे लावणार आहेत. झालं! दोन-तीन दिवस टीव्हीवर तोच गोंधळ. एक बाजू म्हणाली, हा ग्रामीण पोरांचा अपमान आहे. दुसरी बाजू (यात आपल्या आयटीवाल्यांची संख्या भरपूर) म्हणाली, बोलण्याची पद्धत चुकली, पण मुद्दा बरोबर आहे की राव.

मला विचाराल तर प्रश्न चुकीच्या माणसांना विचारला गेला. आपल्याकडे पीएचडीला कोण बसणार, किती वर्षांत संपवणार, गाइड कोण होणार, गाइडकडे जास्तीत जास्त किती विद्यार्थी असणार, प्रबंधातला किती टक्के मजकूर दुसरीकडे सापडला तर चालेल, हे सगळं सरकारी नियमांत लिहिलेलं आहे. एवढं सगळं ज्याच्या हातात, त्यानेच वर विचारायचं की दिवे कुठे आहेत? अहो, वायरिंग तुमचं, मीटर तुमचा, आणि अंधार झाला की शिव्या भाडेकरूला!

थोडं मागे जाऊ. आपलं राज्य 'समाजवादी' आहे हे आपण सोयीस्करपणे विसरतो. हा शब्द राज्यघटनेच्या सरनाम्यात घातला तो १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने, ऐन आणीबाणीत. तो सगळ्यांना माहीत असतो, कारण त्यावरून दर दोन वर्षांनी भांडणं होतात. पण त्याच दुरुस्तीने आणखी एक गोष्ट गुपचूप केली, ती फारशी कुणाला आठवत नाही. शिक्षण हा विषय राज्यसूचीतून उचलून समवर्ती सूचीत टाकला. उच्च शिक्षणाचा दर्जा ठरवणं घटनेनुसार आधीपासूनच केंद्राकडे होतं आणि त्यासाठी यूजीसीचा कायदाही १९५६ पासून होता. म्हणजे आता दिल्लीचा हात दोन्ही बाजूंनी मोकळा झाला.

त्याचा परिणाम बघायला नगर जिल्हा पुरेसा आहे. (२०२४ पासून अधिकृत नाव अहिल्यानगर. तोंडात मात्र अजून नगरच येतं.) एका जिल्ह्यात डॉक्टरेटच्या तीन वाटा आहेत. नगर शहर आणि तालुक्यांतली कॉलेजं, म्हणजे १९४७ साली डॉ. हिवाळे यांनी सुरू केलेल्या अहमदनगर कॉलेजपासून पुढची सगळी, पुणे विद्यापीठाला जोडलेली. राहुरीला १९६८ पासूनचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ. आणि लोणीला प्रवरेचं वैद्यकीय अभिमत विद्यापीठ. कुणी कांद्यावर काम करतंय, कुणी संतसाहित्यावर, कुणी मधुमेहावर. विषय कुठलाही असो, वरून येणारा कागद सारखाच: इतके क्रेडिट, इतके महिने, इतके टक्के.

आता ज्यांनी ही कला शोधून काढली त्यांच्याकडे वळू. सोव्हिएत रशिया! क्रांतीनंतर १९१८ साली बोल्शेविकांनी शैक्षणिक पदव्याच रद्द करून टाकल्या. विद्वानांची उतरंड नको, सगळे समान. पण कारखाने, धरणं, विमानं करायची तर कोण जाणकार आणि कोण बोलबच्चन हे कळावं लागतं. शेवटी १९३४ मध्ये पदव्या परत आल्या, दोन पायऱ्यांच्या: आधी 'कांदिदात', मग 'डॉक्टर'. आणि त्यांच्यावर देखरेख ठेवायला मॉस्कोत एक उच्च आयोग बसला. रशियन आद्याक्षरांवरून त्याला 'वाक' म्हणत. १९७५ मध्ये तर हा वाक थेट मंत्रिमंडळाच्या अखत्यारीत गेला. विद्यापीठात प्रबंधाचा जाहीर बचाव करायचा, तिथे पास झालात तरी फाइल मॉस्कोला. तिथल्या तज्ज्ञांची समिती ती पाहणार, आणि शंका आली तर नाव गुप्त ठेवलेल्या परीक्षकाकडे पाठवणार. या अदृश्य परीक्षकाला तिकडे 'काळा विरोधक' म्हणायचे.

ही व्यवस्था चांगली होती असं मी अजिबात म्हणत नाहीये. १९४८ मध्ये लिसेंकोचं म्हणणं हेच अधिकृत जीवशास्त्र ठरलं आणि जनुकशास्त्रावर काम करणाऱ्यांची दारं बंद झाली. त्याआधी निकोलाय वाविलोव, ज्याचा पिकांच्या उगमस्थानांचा सिद्धांत शेतकीच्या पोरांना आजही शिकावा लागतो, १९४३ मध्ये तुरुंगात उपासमारीने मेला. सरकार ज्ञानाचा न्यायाधीश झालं की काय होतं, त्याचं यापेक्षा काळं उदाहरण नाही. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. त्या यंत्रणेत कुणीतरी प्रबंध वाचत होतं. वाईट हेतूने असेल, भीतीपोटी असेल, पण वाचत होतं.

आपण काय केलं? रशियाचा शिक्का घेतला आणि वाचणारा माणूस तिकडेच ठेवला.

यूजीसीच्या नियमांची गेल्या काही वर्षांतली कुंडलीच मांडतो. २००९: पीएचडीला प्रवेश परीक्षा आणि कोर्सवर्क सक्तीचं, प्रबंध देण्याआधी निदान एक शोधनिबंध छापलेला पाहिजे. २०१०: प्राध्यापकांच्या बढतीसाठी 'एपीआय' नावाची गुणपत्रिका, पेपर छापला की इतके गुण, चर्चासत्रात वाचला की तितके. २०१६: नवे नियम, प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार पीएचडीचे विद्यार्थी. २०१८: विद्यापीठाच्या विभागात असिस्टंट प्रोफेसर व्हायला २०२१ पासून पीएचडी हवीच. मग ती मुदत २०२३ पर्यंत पुढे. आणि २०२३ उजाडल्यावर? नेट किंवा सेट पुरे, पीएचडी ऐच्छिक! दरम्यान २०२२ च्या नियमांनी एमफिल बंद केली आणि शोधनिबंधाची सक्तीही उठवली. ज्यांनी २०१८ चा नियम वाचून घाईघाईत रजिस्ट्रेशन केलं, त्यांनी कुणाच्या दारात जायचं?

आमच्या धंद्यात क्लायंटने इतक्या वेळा स्पेसिफिकेशन बदललं तर आम्ही चेंज रिक्वेस्टचं बिल लावतो. इथे बिल पोरं भरतात, आयुष्याच्या वर्षांत.

बरं, या मोजमापातून बाहेर काय पडलं? आयटीवाल्यांना समजावून सांगायची गरजच नाही. मॅनेजरने सांगितलं की टेस्ट कव्हरेज ऐंशी टक्के पाहिजे, की टीम आठवड्याभरात ऐंशी टक्के करून दाखवते. टेस्ट काहीच तपासत नसतात, नुसत्या कोडवरून धावून येतात. आकडा खरा, सॉफ्टवेअर तेवढंच भिकार. तसंच पेपरांचं झालं. सरकारने पेपर मोजायला घेतले, बाजाराने पेपर पुरवायला घेतले. पैसे भरा, चार दिवसांत 'आंतरराष्ट्रीय' जर्नलमध्ये छापून मिळेल. ते रोखायला यूजीसीने २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली. २०१८ मध्ये पुण्याच्याच डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठांच्या शिफारशीवरून त्या यादीत घुसलेल्या जर्नल्सचा एक नमुना तपासला, तर त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट दर्जाची असू शकतात असं निघालं. मे २०१८ मध्ये यूजीसीने एका फटक्यात ४३०५ जर्नल्स काढून टाकली. मग 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही गुंडाळली. यादीचा उपाय यादी, आणि तिचा उपाय पुन्हा यादी.

वाङ्मयचौर्याचंही तेच. २०१८ च्या नियमानुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य माफ, ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशन रद्द. हे साम्य शोधतं सॉफ्टवेअर, आणि सॉफ्टवेअर जुळवतं फक्त त्याच्याकडे असलेल्या मजकुराशी. ज्या जुन्या मराठी पुस्तकाची एकच प्रत तालुक्याच्या वाचनालयात धूळ खात पडली आहे, ते उतरवून काढलं तर साम्य किती? शून्य! आणि आता एआय आहेच, वाक्यं फिरवून द्यायला.

रशियात २०१३ मध्ये 'दिसेरनेट' नावाने काही नागरिक एकत्र आले आणि बड्या लोकांचे प्रबंध उघडून बसले. एका खासदाराच्या प्रबंधात त्यांना असं आढळलं की दुसऱ्याचा चॉकलेट उद्योगावरचा प्रबंध उचलून चॉकलेटच्या जागी गोमांस घातलंय, आकडे मात्र तेच. शिक्का होता, सही होती, आयोगही होता. चोरी सापडली ती मात्र कुणीतरी बसून वाचलं म्हणून.

आपल्याकडे तर चाळणीच चोरीची निघाली. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या संशोधन फेलोशिपसाठी २४ डिसेंबर २०२३ ला परीक्षा झाली, आणि उघड झालं की प्रश्नपत्रिका २०१९ च्या सेट परीक्षेचीच होती. म्हणजे भावी संशोधक निवडायला सरकारने दिलेला पेपरच कॉपी-पेस्ट! दहा टक्क्यांचा नियम इथे कुणी लावला नाही.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला ही गंमत साखर कारखान्याच्या भाषेत लगेच कळेल. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्याला पाऊणशे वर्षं झाली. तेव्हापासून इथल्या शेतकऱ्याला काटा आणि उतारा यातला फरक शिकवावा लागत नाही. काट्यावर उसाबरोबर पाचट आणि माती पण मोजली जाते. साखर किती निघाली ते उताऱ्यात कळतं, तेही गाळप केल्यावर. म्हणून तर एफआरपी उताऱ्याला बांधलेला असतो. आपली पीएचडी नुसत्या काट्यावर चाललीय. पानं, पेपर, टक्के, महिने, सगळ्याचं वजन होतं. गाळप कुणी करतच नाही.

यावर एक खणखणीत आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. नियम नव्हते तेव्हा काय सोनं होतं का? तेव्हा गाइडची मर्जी हाच नियम. ओळख, जात, गाव बघून विद्यार्थी घेतले जायचे, आणि गाइडने दहा दहा वर्षं लटकवलं तरी दाद कुणाकडे मागणार? प्रवेशाला परीक्षा आली, आरक्षण लागू झालं, बायकांना दोन वर्षं जादा आणि २४० दिवसांची प्रसूती रजा मिळाली, हे नियमांनीच झालं. अकोले किंवा जामखेडच्या मुलीला विद्यापीठात पाय ठेवता आला तो याच जोरावर. शंभर टक्के मान्य! हे नियम राहिलेच पाहिजेत, कमी पडत असतील तर वाढवा.

पण हे नियम माणसाला न्याय देण्याचे आहेत. ते सरकारने करायचे, सरकारच करू शकतं. ज्ञान खरं की खोटं हे मात्र परिपत्रकाने ठरत नाही. त्या विषयातल्या माणसाने वाचून, स्वतःच्या नावाने मत दिलं तरच ठरतं. आपण दोन्ही एकाच फॉर्ममध्ये कोंबलं, आणि परीक्षक आपोआप सुटला. चौकटी भरल्या आहेत ना? मग करा सही. कोड न उघडता रिव्ह्यूला 'ओके' टाकणारा सीनिअर तुम्हीही पाहिला असेलच :)

आणि या सगळ्यात ज्याने खरंच काम केलं त्याची अवस्था बघा. पीएचडी झाली, पण कॉलेजांत जागा वर्षानुवर्षं रिकाम्या, म्हणून तो तासिका तत्त्वावर शिकवतो. तासाचे पैसे, तेही कधी येतील याचा भरवसा नाही. गाइड व्हायला कायम नोकरी लागते, म्हणून त्याला विद्यार्थी घेता येत नाही. कायम असलेले निवृत्तीला आले की तीन वर्षं आधीच त्यांचे नवे विद्यार्थी बंद. म्हणजे सरकारच भरती अडवणार, त्यामुळे गाइड कमी होणार, आणि मग सरकारच विचारणार की संशोधन का होत नाही. खऱ्या आणि उचललेल्या कामाचं प्रमाणपत्र सारखंच दिसत असल्यामुळे, 'काय दिवे लावले' हा टोमणा सगळ्यात जास्त याच माणसाला लागतो.

मग करायचं काय? माझ्या मते तीन गोष्टी, आणि एकीलाही नवी समिती लागत नाही.

एक, परीक्षकांचे अहवाल प्रबंधासोबत जाहीर करा, नावासकट. प्रबंध 'शोधगंगा' या सरकारी संकेतस्थळावर आधीच चढवले जातात, पाच लाखांहून जास्त आहेत तिथे. त्याच पानावर अहवाल लावायला किती खर्च येईल? एका सर्व्हरचा पण नाही. चुकीच्या प्रबंधाला 'उत्कृष्ट' लिहिणाऱ्याचं नाव जगाला दिसलं, की तो पुढच्या वेळी वाचेल.

दोन, तोंडी परीक्षा खरोखर उघडी करा. नियमात ती खुली आहेच. पण नोटीस आतल्या बोर्डावर लागते आणि समोर असतात मित्रमंडळी आणि नाश्ता. नगरच्या पाण्यावर प्रबंध असेल तर ती नगरमध्येच घ्या, मराठीत घ्या, आठ दिवस आधी पेपरात सांगा. हिवरे बाजारचा शेतकरी दोन प्रश्न असे विचारेल की बाहेरून आलेला परीक्षकही वही काढेल.

तीन, पदवी कॉलेजातली बढती आणि पगारवाढ पीएचडीपासून तोडा. बी.ए.च्या वर्गाला चांगलं शिकवणारा माणूस पाहिजे. त्याला जबरदस्तीने संशोधक केलं की वर्गही जातो आणि संशोधनही. ज्याला खाज आहे तो तरीही करेल. उलट तोच करेल.

आणि तोपर्यंत आपण? एक सोपं काम सांगतो, रविवारच्या दुपारी होण्यासारखं. शोधगंगा उघडा. संगमनेर, पाथर्डी, श्रीगोंदा, जो तुमचा तालुका असेल त्याचं नाव टाका. जे सापडेल त्यातला एक प्रबंध वाचा, निदान निष्कर्षाचं प्रकरण तरी. चांगला असेल तर लिहिणाऱ्याला दोन ओळींचं पत्र टाका. चोरीचा वाटला तर विद्यापीठाला कळवा. गाइड, परीक्षक आणि सॉफ्टवेअर सोडून त्याला मिळालेले पहिले वाचक कदाचित तुम्हीच असाल. आणि त्या तिघांतलंही कुणी वाचलं असेलच, याची मी खात्री देत नाही.